एकतीस दोषांचे चित्र

जो मनुष्य आयुष्यभर मुळाशी इमान राखून जगला, त्याच्यापुढे मूळच नसलेली वस्तू आली तर त्याने तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. निष्ठा हा गुण खरा. पण एकाच दिशेने फार काळ वाहिलेली निष्ठा दुसऱ्या कशाला वाट देत नाही. त्यातच शोकाने ज्याचे मन बधिर झाले आहे, त्याच्याजवळ सवयीवाचून काही उरत नाही, आणि सवयीने घडलेला अपराधही अपराधच असतो. नानांच्या हातून असा एक अपराध घडला. तो एका गुरुवारी सकाळी नऊ ते साडेअकराच्या दरम्यान, स्वच्छ उजेडात आणि पूर्ण सद्हेतूने घडला.

नाना व्यवसायाने अनुरेखक होते. पुरातत्त्व खात्यात त्यांनी तेहतीस वर्षे एकच काम केले: डोंगरकपारींत आदिमानवाने रंगवलेल्या चित्रांच्या हुबेहूब प्रती उतरवणे. चित्रासमोर पारदर्शक ताव धरायचा, त्याच्या कडा चित्रापासून हातभर दूर दगडावर चिकटवायच्या, आणि मेणपेन्सिलीने दिसेल तेवढेच उतरवायचे. नियम तीन. निःसंशय दिसते तिथे सलग रेघ. शंका आहे तिथे तुटक रेघ. दगडाची खपली उडाली आहे तिथे काहीच नाही. त्या जागी हात असलाच पाहिजे असे मन कितीही सांगो, तो दिसत नसेल तर काढायचा नाही. नानांनी हा नियम इतका अंगी बाणवला होता की, बायकोने एका डोळ्यावर हात धरला तर हा गृहस्थ तिला एकाक्ष काढील, अशी थट्टा कचेरीत होत असे.

निवृत्तीनंतर संग्रहालयाने त्यांच्याच जुन्या तावांवरून शाईच्या पक्क्या नकला करण्याचे काम त्यांना घरी दिले. पण एव्हाना त्यांच्या हाताला कंप सुटला होता. तेव्हा सूनबाई पुढे झाली. ती चष्म्याच्या कार्यशाळेत काचा घासून चौकटींत बसवण्याचे काम करीत असे. तिचा हात केसभरही हलत नसे. अशी वाटणी ठरली की नक्कल सूनबाईने उतरवायची आणि पडताळणी नानांनी करायची. उत्तरेकडच्या खिडकीखाली लांब टेबल होते. पुरी झालेली नक्कल ती टेबलाच्या डाव्या अंगाला ठेवी. नाना मूळ ताव शेजारी पसरून, डोळ्यांत तेल घालून दोन्ही ताडून पाहत. जिथे फरक तिथे लाल मेणपेन्सिलीने वर्तुळ, वर्तुळात क्रमांक, समासात दोषांची यादी, खाली सही आणि तारीख. मग तो कागद उजव्या अंगाला जाई. चार वर्षांत तिच्या एका कागदावर सहापेक्षा अधिक वर्तुळे कधी आली नव्हती.

आठ महिन्यांपूर्वी नानांचा मुलगा गेला. जलवाहिन्यांच्या कचेरीत तो नकाशे सांभाळत असे. वय एकेचाळीस. कामावर निघाला आणि दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसला, तो बसलाच. नाना रडले नाहीत. सूनबाई रडली असेल तर ती कोणाला दिसली नाही. भेटायला येणारे लोक हळूहळू येईनासे झाले, आणि त्या दोन खोल्यांत दोन माणसे शब्दाला शब्द न लावता राहू लागली. चहा ठेवला आहे, दार लावून घ्या, नळ गेला, एवढेच बोलणे. त्यावर नानांचे उत्तर एकच असे: "हं." ते ऐकून म्हटलेले असे की न ऐकता, हे त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते. नकलांचे काम मात्र एक दिवसही थांबले नाही. डावीकडून उजवीकडे कागद जात राहिले. खरे सांगायचे तर त्या घरात तेवढेच चालू होते.

त्या गुरुवारी सूनबाईने टेबलाच्या डाव्या अंगाला एक कागद ठेवला. तो नकलेचा नव्हता. संग्रहालयाच्या संचालिकाबाईंनी नव्या प्रवेशदालनाच्या भिंतीसाठी तिच्याकडे चित्र मागितले होते; शैलचित्रांवरून सुचलेले, पण तिचे स्वतःचे. तीन आठवडे ती ते पलीकडच्या खोलीत काढत होती. स्वतःचे काहीतरी काढ असे तिला पूर्वी एकच माणूस म्हणत असे, आणि तो आता नव्हता. तिच्या रेघेकडे नीट पाहणारे जगात दुसरे डोळे होते ते नानांचे. म्हणून तिने मनाशी ठरवले होते की नानांनी चांगले म्हटले तर द्यायचे, नाहीतर बाईंना नकार कळवून मोकळे व्हायचे. हे त्यांना कसे सांगावे याची ती चार दिवस काचा घासता घासता जुळवाजुळव करीत होती. अखेर दाराशी, पिशवी खांद्याला अडकवून, ती म्हणाली, "नाना, ही नक्कल नाही. माझं आहे. उद्या द्यायचंय. बघा आणि कसं वाटलं ते मला सांगा."

"हं," नाना म्हणाले.

ती गेली. नानांनी चहाचा पेला बाजूला सारला, चष्मा पुसला, आणि डाव्या अंगाचा कागद पुढे ओढला.

कागद जाड, हाताने बनवलेला, खरखरीत होता. रेघ शाईची नव्हती, गेरूची होती. नानांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी समासात पहिला दोष लिहिला: कागद व माध्यम चुकीचे. मग त्यांनी चित्रावर नजर फिरवली. हातात हात गुंफलेल्या नाचणाऱ्यांची एक रांग, खाली तीन हरणे, डाव्या कोपऱ्यात मोठा बैल. ही मांडणी त्यांना पाठ होती. त्यांनी कपाटातून नळकांडे काढले आणि सत्तेचाळीस क्रमांकाचा ताव शेजारी उलगडला. तीन दिवस दोराने बांधून घेऊन, कड्यावर उभे राहून त्यांनी तो उतरवला होता. मग ते कामाला लागले.

फरक इतके निघाले की त्यांचे त्यांनाच नवल वाटले. बैलाचा मागचा भाग गाळलेला. मधल्या हरणाने मान वळवून मागे पाहिलेले. नाचणारे अकरा हवेत, तर दहाच. सहाव्यानंतर एक जागा मोकळी, तिथे तुटक रेघही नाही. रांगेच्या शेवटच्या बाईचा हात वर हवा, तो खाली उतरलेला. उजव्या कोपऱ्यात एक बसलेला माणूस, जो मुळात मुळीच नाही. नाना एकेक वर्तुळ घालत गेले. राग नव्हता, खेद नव्हता; सुनेचे लक्ष ठिकाणावर नाही, असा एक विचार येऊन गेला आणि त्यानेही काही हलले नाही. साडेअकराला एकतिसावा दोष लिहून त्यांनी खाली सही केली, तारीख घातली, आणि कागद उजव्या अंगाला ठेवला.

बाराच्या सुमारास फोकस आले. हे खात्यातले जुने छायाचित्रकार. एका फोटोसाठी साऱ्यांना उन्हात पाऊण तास उभे करून ठेवण्याबद्दल त्यांना हे नाव पडले होते, आणि ते त्यांनी पदवीसारखे मिरवले होते. दर गुरुवारी ते बिस्किटांचा पुडा घेऊन येत आणि दोघांच्या वाटणीचे बोलून जात. आले तसे ते टेबलापाशी थांबले आणि म्हणाले की सूनबाईचा हात गेला की नानांचे डोळे, कारण एवढे लाल तर त्यांनी शाळेतल्या स्वतःच्या वहीतही पाहिले नव्हते. मग त्यांनी समासातली यादी मोठ्याने वाचायला घेतली, जुन्या साहेबांच्या आवाजात, नाकातून. नऊपर्यंत ते रंगात होते. चौदाला त्यांचा आवाज खाली आला. एकोणिसाला ते थांबले.

"नाना, हे सत्तेचाळीस नव्हे," ते म्हणाले.

नानांनी शेजारच्या तावाकडे बोट केले.

"तो ताव सत्तेचाळीस आहे. हे नाही. अरे, गेरूत नक्कल कोण करतं? हे पोरीनं काढलंय. स्वतःचं. तुला बोलली नाही का ती?"

नानांनी आठवून पाहिले. दाराशी ती उभी होती. पिशवी होती. ओठ हलत होते. फार खोल पाण्यातून वर यावे तसे एकेक वाक्य त्यांच्या कानांत आले: ही नक्कल नाही. माझं आहे. उद्या द्यायचंय.

"बोलली होती," ते म्हणाले.

फोकस खुर्चीवर बसले. त्यांनी विचारले की हे निघेल का. नानांना उत्तर ठाऊक होते. लाल मेण असल्या कागदात मुरते. खरवडायला जावे तर खालचा गेरूही निघून येईल. फोकस म्हणाले की फोटो काढून संगणकावर वर्तुळे पुसता येतील. मग स्वतःच म्हणाले की भिंतीवर लावायचे ते चित्र, चित्राचा फोटो नव्हे. जाताना त्यांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला. एरवी ते असे करीत नसत. सूनबाई आली की खरे काय ते सांग, गुळमुळीत बोलू नकोस, एवढे बजावून ते गेले. बिस्किटांचा पुडा तसाच राहिला.

सूनबाई यायला पाच तास होते. नानांनी सत्तेचाळिसावा ताव गुंडाळून नळकांड्यात घातला आणि झाकण लावले. टेबलावर एकच कागद उरला. हातात पेन्सिल नाही आणि शेजारी ताडून पाहायला काही नाही, अशा स्थितीत कोणत्याही चित्रापुढे ते तेहतीस वर्षांत बसले नव्हते. प्रथम त्यांना काहीच दिसेना. नजर सवयीने डावीकडे जाई, तिथे लाकूड होते. मग त्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली, हात मांडीवर ठेवले आणि नुसते पाहत राहिले.

पहिल्यांदा दिसला तो बैल. त्याचा मागचा भाग गाळलेला नव्हता. कागदाचा खरखरीत पोत जिथे दाट होत गेला होता, तिथे गेरू विरळ होत होत त्या पोतातच मुरला होता. जणू दगडातून बैल अर्धा बाहेर आला आहे आणि उरलेल्याची वाट पाहायची आहे. हे करायला हात किती हलका लागतो, हे नानांना ठाऊक होते. मग हरीण. बाकीची दोन आपल्या वाटेने निघाली होती. मधले मान वळवून वर पाहत होते, नाचणाऱ्यांच्या रांगेकडे, त्या मोकळ्या जागेच्या खाली. मान एकाच रेघेत होती, कानापासून छातीपर्यंत, कुठे न टेकता. अशी रेघ काढताना श्वास रोखावा लागतो.

रांगेकडे यायला त्यांना एक तास लागला. दहा माणसे होती, प्रत्येकाचा उजवा पाय उचललेला. दोघांचा मात्र नव्हता. मोकळ्या जागेच्या अलीकडचा आणि पलीकडचा, या दोघांचे दोन्ही पाय जमिनीवर होते. सकाळी नानांनी त्यांना चौदा आणि पंधरा असे क्रमांक देऊन लिहिले होते: पाय उचललेले नाहीत. आता त्यांनी त्या दोघांचे हात पाहिले. दोघांचेही हात त्या जागेत पुढे आले होते, बोटे वळलेली होती, पकड तशीच होती आणि पकडीत कोणी नव्हते. बाकीचे आठ नाचत होते. त्यांच्या मानांचा झोक, केसांचे फराटे, सारे चालूच होते. त्यांच्यापर्यंत अजून काही पोहोचले नव्हते.

नाना उठून पाणी प्यायले आणि परत येऊन बसले. आत काही उसळून येईल असे त्यांना क्षणभर वाटले होते. तसे काही झाले नाही. छातीत नेहमीचाच जडपणा होता. पण त्या जागेवरून नजर काढता येईना. तेहतीस वर्षे खपली उडालेल्या जागा त्यांनी नियमाने कोऱ्या सोडल्या होत्या, आणि त्यांपैकी एकीकडेही ते अशा रीतीने पाहत बसले नव्हते. ज्या कोणी पहिल्यांदा कपारीत बसून अकरा माणसे रंगवली, त्याच्या शेजारीही ताडून पाहायला काही नव्हते, हेही त्यांच्या ध्यानात आज आले.

उजव्या कोपऱ्यातला माणूस त्यांनी शेवटी पाहिला. तो पाठ करून बसला होता. समोर टेबलासारखी आडवी रेघ, हातात छोटी काडी. पाठीला किंचित पोक. रांगेतल्या शेवटच्या बाईचा मोकळा हात खाली उतरून त्याच्या खांद्यापासून बोटभर अंतरावर थांबला होता. तिथे सतरा आणि अठरा ही वर्तुळे होती, आणि त्यांतले एक नेमके त्या बोटभर अंतरावर बसले होते.

साडेपाचला सूनबाई आली. तिने पिशवी खुंटीला लावली, टेबलाकडे पाहिले, आणि जिथे होती तिथेच उभी राहिली. नानांनी कागद झाकून ठेवला नव्हता. ती जवळ आली. तिने यादी वरपासून खालपर्यंत वाचली, सही वाचली, तारीख वाचली. मग तिने बोटाच्या टोकाने एका वर्तुळाला स्पर्श करून पाहिला आणि बोट पाहिले.

"मी सत्तेचाळीस समजलो," नाना म्हणाले.

"सकाळी सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुम्ही आठ महिने ऐकत नाही. मीही सांगत नाही म्हणा."

मग ती आत गेली. नळाचा आवाज येत राहिला. परत आली तेव्हा तिच्या हातांवरचे पाणी पुसलेले नव्हते. ती खुर्चीवर बसली नाही; दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, आणि जे विचारायचे ते तिने विचारले, कारण चित्राचे काहीही झाले असले तरी तिचा प्रश्न अजून उभाच होता.

"मग? कसं आहे?"

नानांनी घाई केली नाही. फोकसनी बजावले होते म्हणून नव्हे. पडताळणी करणाऱ्याने खोटे बोलायचे नसते, म्हणून.

"ते दोघे थांबलेत," ते म्हणाले.

"हो."

"बाकीच्यांना अजून कळलेलं नाही."

"नाही कळलेलं."

"हरणाची मान मला जमली नसती. माझा हात चांगला होता तेव्हासुद्धा." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "चांगलं आहे, सूनबाई. मी आजवर जे जे पाहिलंय, त्याच्या शेजारी ठेवून सांगतो. फार चांगलं आहे. आणि मी ते नासवलं."

नासवले हे खरे होते, आणि नाही म्हणण्याची उसनी समजूत तिने घातली नाही. मग तिने दूरध्वनी उचलून संचालिकाबाईंना सांगितले की चित्र उद्या मिळणार नाही, सोमवारी मिळेल. कारण विचारले गेले असावे, कारण ती म्हणाली की घरात एक चूक झाली. कोणाची ते तिने सांगितले नाही. ठेवून दिल्यावर ती नानांकडे वळली आणि म्हणाली, "शनिवार-रविवार पुन्हा काढीन. तुम्ही शेजारी बसायचं. पेन्सिल माझ्याकडे द्या."

नानांनी लाल पेन्सिल तिच्या हातावर ठेवली.

शनिवारी सकाळी नानांनी गेरू खलात घोटला. कंप सुटलेल्या हाताला हे काम जमते, उलट बरे जमते, असे त्यांना आढळले. डिंकाचे पाणी किती, हे त्यांनी विचारले, तिने सांगितले, त्यांनी ऐकले आणि तेवढेच घातले. मग ते तिच्या डाव्या हाताला बसून राहिले. दोन दिवसांत चित्राबद्दल त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. तिची कुंचली कागदावर टेकताना आणि उठताना ते पाहत होते. संपलेली रेघ त्यांनी हजारो वेळा पाहिली होती, होत असलेली रेघ पाहण्याचा प्रसंग त्यांना फारसा आला नव्हता. मधूनमधून ती थांबे आणि पहिल्या कागदाकडे पाही. नाना तिकडे पाहत नसत.

रविवारी चारच्या सुमारास तिने कुंचली पाण्यात सोडली आणि त्यांच्याकडे पाहिले. नाना उठून दोन पावले मागे गेले. पुष्कळ वेळ त्यांनी पाहिले.

"पहिलं जास्त चांगलं होतं," ते म्हणाले.

"मलाही तसंच वाटतं."

"यातल्या त्या दोघांना थांबायचं आहे हे आधीपासून ठाऊक आहे. पहिल्यात ते नुकतेच थांबले होते."

"हो," ती म्हणाली. "पण हेच द्यावं लागेल."

"दे. हेही चांगलं आहे. मी उगाच म्हणत नाही."

"तुम्ही उगाच कधी म्हणता?" ती म्हणाली, आणि तिच्या स्वरात थट्टेसारखे काहीतरी क्षणभर आले आणि गेले.

सोमवारी ते चित्र संग्रहालयात गेले. आता ते प्रवेशदालनात उजव्या भिंतीवर आहे, चांगल्या उजेडात. पहिले चित्र सूनबाईने दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून पलीकडच्या खोलीत नेले. कुठे ठेवले ते नानांनी विचारले नाही. घरात बोलणे फार वाढले असे नाही. नकलांचे काम पुन्हा सुरू झाले आहे, आणि दोघांच्या छातीतला जडपणा जिथे होता तिथेच आहे. तो कधी उतरेल, उतरेल की नाही, हे कोणाला सांगता यायचे नाही.

त्या दोन खोल्यांतल्या दोघांचे कल्याण असो. नानांच्या डोळ्यांना आणखी काही वर्षे स्वच्छ उजेड लाभो. सूनबाईच्या हाताला तिचे स्वतःचे काम मिळत राहो, आणि ते पाहायला कोणीतरी शेजारी असो. आणि जो जिन्यात बसला तो जिथे असेल तिथे त्याला विसावा मिळो.